रोमचा दगड आणि शहाबादची फरशी

घर घेणे हा पगारदार माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च असतो. जागा कोठे घ्यावी, कर्ज किती काढावे, हप्ता किती वर्षे फेडावा याची चर्चा महिनोन् महिने चालते. फरशी मात्र एखाद्या रविवारी दुकानात जाऊन तासाभरात पसंत केली जाते. ज्या जमिनीवर पुढची तीस-चाळीस वर्षे उठायचे, बसायचे, मुलांनी रांगायचे आणि वृद्धांनी जपून पावले टाकायची, तिची निवड दुकानातील दिव्यांच्या झगमगाटात, केवळ डोळ्यांच्या साक्षीने होते. अलीकडे या दुकानांतून एका विशिष्ट रूपाची चलती आहे. सायीसारखा किंवा फिकट बदामी रंग, त्यात एकावर एक चढलेले आडवे थर, मधूनमधून बारीक छिद्रांचे ठिपके आणि झळाळी नसलेला, किंचित मवाळ पृष्ठभाग. या रूपाला विक्रेते ‘ट्रॅव्हर्टाइन’ म्हणतात. नमुना सदनिकेच्या दिवाणखान्यात तेच, न्हाणीघरात तेच आणि दूरचित्रवाणी संचामागच्या भिंतीवरही तेच.

मात्र या नावाने विकल्या जाणाऱ्या मालापैकी बहुतांश माल दगड नसतोच. तो भाजलेल्या मातीवर उमटवलेला दगडाचा छाप असतो. एवढ्यावरून संतापण्याचे कारण नाही. छापील रेशमी नक्षीचे सुती कापड नेसणाऱ्या बाईला कोणी ढोंगी म्हणत नाही. परंतु ज्या वस्तूसाठी माणूस कर्ज काढतो, ती वस्तू कोणती, तिचे गुण कोणते आणि तिच्यासाठी कोणाला काय सोसावे लागते, एवढे तरी त्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

ट्रॅव्हर्टाइन हा चुनखडीचाच एक प्रकार आहे. जमिनीच्या पोटातील पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला, की ते पाणी चुनखडीच्या खडकांतून जाताना चुना आपल्यात विरघळवून घेते. झऱ्याच्या रूपाने ते वर आले, की बाटली उघडल्यावर सोड्यातला वायू निघून जावा तसा त्यातील वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. तो थराथराने खाली बसतो. बसताना वायूचे बुडबुडे, शेवाळे, काड्या आणि पाने त्याच्यात अडकतात. त्यांच्या जागी पुढे पोकळ्या उरतात. या दगडाचे थर आणि छिद्रे म्हणजे त्या झऱ्याची रोजनिशीच होय. तुर्कस्तानातील पामुक्कले येथे डोंगरउतारावर पांढऱ्या शुभ्र पायऱ्यांच्या रूपाने ही क्रिया आजही डोळ्यांनी पाहता येते. त्या स्थळाच्या नावाचा अर्थच कापसाचा किल्ला असा आहे.

या दगडाची कीर्ती मात्र रोमने केली. रोमच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर तिवोली हे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव तिबूर. त्यावरून रोमन लोक या दगडाला तिबूरचा दगड म्हणत आणि ‘ट्रॅव्हर्टाइन’ हा त्याच नावाचा अपभ्रंश आहे. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कोलोसियमच्या बांधणीत सुमारे एक लाख घनमीटर ट्रॅव्हर्टाइन लागला असावा असा अंदाज आहे. चिरे एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडलेले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेले. त्याची भोके अजून त्या भिंतींवर दिसतात. सतराव्या शतकात बेर्निनीने संत पीटरच्या चौकाभोवती २८४ स्तंभांची जी कमानदार ओळ उभी केली तीही याच दगडाची. १९२९ साली मीस व्हान डेर रोहे याने बार्सेलोनाच्या प्रदर्शनातील आपल्या मंडपाची जमीन या दगडाने मढवली आणि आधुनिक वास्तुकलेत त्याला नवी प्रतिष्ठा मिळाली. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवर उघडलेल्या गेटी सेंटरसाठी तर तिवोलीजवळच्या खाणीतून सुमारे सोळा हजार टन दगड समुद्रापार नेण्यात आला.

या वैभवाच्या कथेत एक साधी गोष्ट झाकली जाते. रोमने हा दगड वापरला तो प्रथम जवळ मिळत होता म्हणून. खाणीजवळून आनिओ नदी वाहत होती आणि दगड त्या नदीतून सहज शहरात आणता येई, असे स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराने नमूद केले आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस याने या दगडाचे जे वर्णन केले ते भाटाचे नव्हे, कारागिराचे आहे. हा दगड भार सोसतो, ऊनपाऊस सोसतो; आग मात्र सोसत नाही, तापला की फुटतो, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा जाणकार दगडाचे गुण आणि दोष एकाच दमात सांगत होता. आजच्या रंगीत माहितीपुस्तिकेत गुण तेवढे उरले आहेत.

भारतात खरा ट्रॅव्हर्टाइन येतो तो प्रामुख्याने इटली, तुर्कस्तान आणि इराण या देशांतून. करांच्या वेळापत्रकात तो संगमरवराच्या शेजारी बसतो आणि किमतीनेही त्याच पंगतीतला आहे. त्याची आवक परराष्ट्र संबंधांवरही हेलकावे खाते. मे २०२५ मध्ये उदयपूरच्या संगमरवर व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानशी व्यापार थांबवण्याचा निर्णय जाहीर केला होता. शिक्षक, कारकून किंवा बँकेतील नोकरदार यांच्या आवाक्यात हा दगड नाही. त्यांच्या घरी येतो तो त्याचा तोतया, आणि त्या तोतयाचे माहेर बहुधा गुजरातेतील मोरबी हे असते. देशातील सिरॅमिक लाद्यांचा फार मोठा भाग या एका गावाच्या परिसरात तयार होतो. माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे मिश्रण प्रचंड दाबाने दाबून त्याची लादी करतात आणि तिच्यावर शाईचे फवारे मारणाऱ्या यंत्राने दगडाचे चित्र छापतात. ही छपाई २००० सालाच्या सुमारास स्पेनमध्ये सुरू झाली आणि तिने हा सारा धंदाच बदलून टाकला. मग ती लादी सुमारे बाराशे अंश तापमानात भाजली जाते. नक्कल इतकी हुबेहूब असते, की खरे-खोटे ओळखण्यासाठी शेजारी शेजारी आठ-दहा लाद्या मांडून पाहाव्या लागतात. निसर्ग एकदा काढलेली रेघ पुन्हा काढत नाही; यंत्राजवळ ठरावीक चित्रे असतात आणि तीच रेघ, तोच ठिपका काही लाद्यांनंतर परत भेटतो.

नक्कल ही मुळातच अप्रामाणिक असते काय, हा प्रश्न जुना आहे. १८४९ साली रस्किन याने वास्तुकलेतील सत्याची चर्चा करताना एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे रूप रंगवण्याला फसवणूक ठरवले होते. त्याच्या आग्रहात नैतिक तेज होते यात शंका नाही. परंतु इतिहास इतका सोवळा नाही. पाँपेईच्या घरांतील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांच्या शैलीत गिलाव्यावर रंगीत संगमरवराच्या चिऱ्यांचा आभास केलेला आढळतो. म्हणजे खऱ्या दगडाच्या त्या देशातही, ज्यांना दगड परवडत नसे किंवा आणवत नसे, ते त्याचे सोंग घेत होते. सोंग घेणे हे पाप नव्हे. सोंगाला राजा समजून त्याच्याकडून खंडणी वसूल होऊ देणे हा मात्र मूर्खपणा आहे. लादी स्वतः खोटे बोलत नाही. खोटे बोलले जाते ते विक्रेत्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या दरम्यान.

वस्तुतः महाराष्ट्रातील सामान्य घराचा विचार केला, तर पुष्कळ ठिकाणी तोतयाच अस्सलापेक्षा उपयोगी ठरतो. चुनखडी आणि आम्ल यांचे वैर शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिले आहे. मराठी स्वयंपाकघर हे तर आम्लांचे आगरच. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो यांचा थेंब ट्रॅव्हर्टाइनवर सांडून राहिला, की तेथला पृष्ठभाग खाल्ला जातो आणि फिकट, खडबडीत डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण तो वर बसलेला नसतो. तेथला दगडच गेलेला असतो. हळद, तेल आणि चहा छिद्रांत मुरतात. न्हाणीघर स्वच्छ करण्यासाठी घरोघर जे तीव्र आम्ल ओतले जाते त्याने तर या दगडाचे एका वर्षात वाटोळे होईल. छिद्रे सिमेंटने किंवा राळेने बुजवता येतात, पृष्ठभागावर संरक्षक लेप देता येतो. परंतु लेप झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. बादलीभर पाणी ओतून खराट्याने फरशी धुणाऱ्या घराला ही नाजूक पाहुणी झेपणारी नाही.

याउलट चांगल्या प्रतीची व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. लिंबू आणि चिंच यांना ती दाद देत नाही, हळद तिच्यावर मुरत नाही. झळाळी नसलेला पृष्ठभाग निवडला, तर ओल्या पायाने घसरण्याचे भयही कमी होते. ज्या घरात सत्तरीच्या पुढची माणसे आहेत तेथे हा गुण सौंदर्याहून मोठा मानला पाहिजे. आरशासारख्या चकाकणाऱ्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या कहाण्या बहुतेक प्रत्येक आळीत ऐकायला मिळतात. या दृष्टीने पाहता मवाळ रूपाची ही नवी आवड आधीच्या चकचकाटापेक्षा शहाणपणाची आहे, हे मान्य करावयास हवे.

लादीचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. तिचे सौंदर्य कागदाएवढ्या जाडीचे असते. टवका उडाला, की आतली माती उघडी पडते आणि दगडाचा आव संपतो. दगड घासून पुन्हा नवा करता येतो, लादी नाही. दोन-तीन वर्षांत ते चित्र बाजारातून नाहीसे झाले, तर फुटलेल्या एका लादीला जोड मिळत नाही आणि धडधाकट जमीन उखडण्याचा मोह होतो. फॅशन बदलली, की तोच मोह अधिक बळावतो.

हा मोह केवढा महागात पडतो, याची साक्ष महाराष्ट्रातील जुनी घरे देऊ शकतात. दोन पिढ्यांपूर्वीच्या चाळींत, वाड्यांत, शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत करड्या रंगाची शहाबादी फरशी असे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे. तेथल्या खाणींतून ही फरशी येई. थरांवर सहज फुटणारा, सपाट निघणारा हा दगड छिन्नी-हातोड्याने तासून बसवता येत असे. ही शहाबादी फरशी म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून चुनखडीच होय. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळा कडप्पा हीसुद्धा चुनखडीच, आणि कोटा फरशीही तीच. ज्या घराण्यातील ट्रॅव्हर्टाइन, त्याच घराण्यातील ही भावंडे. फक्त अधिक घट्ट आणि वयाने कितीतरी वडील. तिवोलीच्या दगडाचे थर सुमारे लाखभर वर्षांपूर्वीपासून साचत आलेले आहेत. शहाबादचा दगड पन्नास कोटी वर्षांहूनही जुना आहे.

अर्थात शहाबादीवरही लिंबाचे डाग पडत. मोरीतली फरशी आम्लाने आणि पाण्याने खरबरीत होई. पण त्याला कोणी डाग म्हणत नसे. फरशी वापरली गेली की तशी होते, एवढीच समजूत होती. उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यावर नुसते अंग टाकले तरी थंडावा लाभे. तिच्यावर पंगती उठल्या, शाळांत तिच्यावर बसून पोरांनी परीक्षा दिल्या. मात्र ती स्वस्त होती, सरकारी होती, करडी होती. म्हणून ती दारिद्र्याची खूण ठरली. पुढे हातात चार पैसे खेळू लागताच लोकांनी ती उखडून काढली आणि राडारोड्याच्या गाडीत घातली. आता त्यांचीच मुले हप्ते भरून दूरदेशच्या चुनखडीचे छायाचित्र जमिनीवर बसवीत आहेत. खरी चुनखडी फेकून चुनखडीचे चित्र विकत घेणे, यातील विनोद कडवट आहे. रोमने आपल्या शेजारच्या दगडाला मान दिला म्हणून त्या दगडाला जगात मान मिळाला. शेजारच्या दगडाची लाज वाटणाऱ्या समाजाला मात्र दुसऱ्याच्या दगडाचे चित्र तेवढे परवडते.

या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे आणि त्याला कोणी विचारीत नाही. तो पक्ष म्हणजे दगड आणि लादी कापणारा कामगार. ट्रॅव्हर्टाइन हा जवळजवळ सगळा चुनाच असल्याने त्याच्या धुळीत सिलिका अत्यल्प असते. लादीच्या मातीत मात्र गारेची पूड असते. दगडाचे रूप घेणारा जो कृत्रिम दगड ‘क्वार्ट्झ’ या नावाने ओट्यांसाठी विकला जातो, त्यात तर सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. तो कोरडा कापला, की डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा रोग होतो. हा रोग बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणे यांवर बंदी घातली ती याच कारणासाठी. कापणाऱ्या तरुण कामगारांची फुफ्फुसे निकामी होत असल्याचे तेथे दिसून आले होते. भारतात १९४८च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसचा समावेश सरकारला कळवावयाच्या रोगांच्या यादीत केला. राजस्थानने २०१९ मध्ये या रोग्यांसाठी स्वतंत्र धोरण आखले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतील कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या भट्ट्या प्रदूषणापायी बंद करण्याचा आदेश दिला होता. म्हणजे धोका सरकारदरबारी ठाऊक नाही असे नव्हे.

परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत कसाबसा पोहोचतो; सदनिकेच्या सज्जात बसून, तोंडाला रुमाल बांधून यंत्राने लाद्या कापणाऱ्या पोरापर्यंत तो पोहोचत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यानेही दहा लाख रुपयांपर्यंतच्या स्वतःच्या घराच्या कामाला वगळले होते. अशा वेळी घरमालक हाच त्या कामगाराचा एकमेव निरीक्षक उरतो. पाणी सोडून लादी कापावी, कापण्याचे काम उघड्यावर करावे, कामगाराला रुमालाऐवजी धूळ अडवणारा योग्य मुखवटा द्यावा, या गोष्टींना जो खर्च येतो तो एका चौरस मीटर लादीच्या किमतीपेक्षा फारसा अधिक नाही. घरात घाण होते म्हणून पाणी वापरू न देणारे सुशिक्षित लोक पाहिले, म्हणजे शिक्षणाचा आणि जाणिवेचा संबंध कितपत आहे असा प्रश्न पडतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे नाव खरे असावे. लादीच्या खोक्यावर आणि दुकानातील पाटीवर वस्तू दगड आहे, भाजलेली माती आहे की कृत्रिम दगड आहे, हे ठळक मराठी अक्षरांत लिहिले गेले पाहिजे. ‘इटालियन’ या शब्दाच्या आड लपण्याची सोय विक्रेत्याला असू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाची तरतूद केलेली आहे. ती फरशीच्या दुकानापर्यंत पोहोचवणे हे ग्राहक संघटनांचे काम आहे. दुसरे, पाणी किती शोषले जाते आणि ओल्या पायाला पकड किती मिळते, हे दोन आकडे गिऱ्हाइकाने भाव विचारण्याआधी विचारावेत. तिसरे, शाळा, वाचनालये, पंचायतींच्या इमारती येथे शासनाने शहाबादी, कोटा यांसारख्या जवळच्या दगडांना पुन्हा स्थान द्यावे. सार्वजनिक वास्तूंत ज्याला मान मिळतो त्याला पुढे घरांतही मान मिळतो. आणि चौथे, जुनी फरशी उखडण्यापूर्वी एकदा ती घासून पाहावी. कित्येक घरांत दहा-वीस वर्षांच्या मळाखाली असा दगड निघेल, की त्याच्यापुढे दुकानातले चित्र फिके पडावे.

ज्याला स्वयंपाकघरात चिंच सांडण्याची भीती न बाळगता वावरायचे आहे त्याने छापील लादी खुशाल घ्यावी; त्यात कमीपणा काही नाही. ज्याला खरा दगड हवा आणि परवडतो, त्याने तो घेऊन त्याची निगा राखावी. मात्र फरशीची पारख दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. ती होते मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या आजीच्या पावलाखाली, आणि ती फरशी कापून निघून गेलेल्या कामगाराच्या श्वासात. त्या दोन ठिकाणी जी खरी उतरेल ती फरशी चांगली, मग ती रोमची असो, मोरबीची असो की शहाबादची.